नाझिया हसनला खरंच गाता येत होतं का?

तुम्ही विचारलंय की 'डिस्को दीवाने' हा अल्बम आला तेव्हा पाकिस्तानी पॉप गायिका नाझिया हसन जेमतेम सोळाची, रीतसर गाणं शिकलेली नाही म्हणे, मग तिला खरंच गाता येत होतं की सगळी करामत तिचा संगीतकार बिद्दू याची? शिवाय तुमच्या चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःची गाणी रेकॉर्ड करायची आहेत, तर करू द्यावीत का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. करू द्या. पहिल्याचं उत्तर मी आठवीत असल्यापासून देतेय, पण आमच्या घरात ते कुणाला ऐकायचंच नव्हतं.

१९८१ साल, मिरज. अण्णा रेल्वेत नोकरीला आणि संध्याकाळी पेटीच्या साथीला. ज्या गावात तंबोरे बनतात आणि दरवर्षी दर्ग्याच्या उरसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं, त्या गावातल्या पेटीवाल्याच्या घरी मामानं दादरहून 'डिस्को दीवाने'ची कॅसेट आणली. त्याआधीच्या वर्षी आलेल्या 'कुर्बानी'तल्या 'आप जैसा कोई'नं नाझियाला फिल्मफेअर मिळवून दिलं होतं, तेही पंधराव्या वर्षी. फिल्मफेअरवाल्यांना कान नाहीत, हे अण्णांचं तेव्हाच ठरलं होतं. आता त्या मुलीचा अख्खा अल्बम, त्यात सिनेमा नाही, हिरॉईन नाही, नुसती ती आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब. मी वेडी झाले. शाळेतून आले की दप्तर खाली आणि टेप सुरू.

अण्णांनी चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "तुझी नाझिया बेसूर आहे. ये, दाखवतो." पेटी काढली, मला टेप लावायला सांगितली, आणि 'लेकिन मेरा दिल' चालू असताना एकेक पट्टी दाबत गेले. तिचा षड्ज, म्हणजे सा, काळी एकच्या थोडा वर आणि पांढरी दोनच्या थोडा खाली. कुठेच बसेना. "बघ. फटीत गातेय." दादा शेजारी बसून खो-खो हसत होता. पोटात खड्डा पडला माझ्या, कारण कान माझेही होते आणि ते खरंच फटीत येत होतं.

त्यावर कळस म्हणजे पुढच्याच आठवड्यात अण्णांनी ती कॅसेट पुसली. विकतच्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागच्या कडेचे प्लास्टिकचे तुकडे काढलेले असतात. त्या भोकावर सेलोटेप चिकटवली की काम होतं. त्यांनी ती चिकटवली आणि आकाशवाणी सांगलीवर लागलेलं नाट्यसंगीत नाझियावर भरून टाकलं. मला कळलं तेव्हा 'लेकिन मेरा दिल' मधोमध तुटून एकदम पेटीच वाजायला लागली. वर पुन्हा पुरावा: नाट्यसंगीत लावलं, पेटी धरली, सूर पट्टीवर चपखल. "एकच कॅसेट, एकच टेप. हे सुरात, ती बेसूर. अजून काही बोलायचंय?"

काय बोलणार?

दीड वर्षानं टेप बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं खोललं, आतला रबरी पट्टा बोटावर ताणून दाखवला आणि म्हणाला, "सैल पडलाय ताई, टेप हळू फिरत होता कधीचा." नवा पट्टा घातला. त्या संध्याकाळी अण्णा ड्युटीवर असताना मी पेटी काढली. नाझिया बरोब्बर पांढरी दोनमध्ये! आणि अण्णांचं नाट्यसंगीत? तेच आता पट्टी सोडून वर चढलेलं. कारण ते हळू चालणाऱ्या टेपवरच भरलेलं होतं, हळूच वाजवलं तोवर बरोबर वाटत होतं. विकतची कॅसेट कंपनीत योग्य वेगानं भरलेली, ती आमच्याकडे खाली उतरायची. आमच्या घरची विकतची अभंगवाणीसुद्धा इतके महिने फटीतच वाजत होती, पण पंडित भीमसेन जोशींना बेसूर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा अण्णा म्हणायचे, "पेट्या काय सगळ्या सारख्या लागतात होय?"

अण्णा घरी आल्यावर हे सगळं मी एका दमात सांगितलं. ते हात धुवून पाटावर बसले, म्हणाले, "पट्ट्याचं सोड, गळ्याचं बोल."

तर गळ्याचं बोलते. तो आवाज बारीक आहे, नाकात आहे, फिरत नाही. तान, मुरकी, खटका, काही शोधू नका. पण आपण तिला चुकीच्या मापानं मोजतो. मुंबईत तेव्हा फिल्म सेंटर किंवा मेहबूब स्टुडिओत गाणं रेकॉर्ड व्हायचं ते बहुतेक सगळे वादक आणि गायक एकदम बसून. शंभर वाद्यांच्या वर आवाज काढायचा, तर गळा तसा तयार लागतो. बिद्दूनं नाझियाला लंडनमध्ये रेकॉर्ड केलं. तिथे ताल, बास, व्हायोलिनं आधी वेगवेगळ्या ट्रॅकवर जातात, गाणारा मागाहून हेडफोन लावून एकटा उभा राहतो. तिथे आवाज फेकावा लागत नाही, कानात सांगितल्यासारखं गायचं असतं. हेडफोनवर ऐका, तिचाच आवाज तिच्याच आवाजावर चढवल्यासारखा ऐकू येतो, साखरेच्या दुहेरी पाकासारखा. आता ही करामत बिद्दूची, मान्य. मूळ बंगळूरचा माणूस, १९७४ साली कार्ल डग्लसच्या 'कुंग फू फायटिंग'नं जग नाचवून आलेला, त्याला हे येणारच. पण असं आवाजावर आवाज ठेवायचं तर दोन्ही वेळा एकाच सुरात, एकाच लयीत, त्याच जागी श्वास घेऊन गावं लागतं. सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून आलं १९९७ साली. करून बघा कधी. मी गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाल्यावर करून बघितलं होतं, दुसऱ्या फेरीत माझा निषाद हलला.

आणि ठेका! चारी मात्रांवर सारखाच ठोका, ना भरी ना खाली. अण्णा याला 'मसाला कुटणं' म्हणायचे. त्या कुटण्यावर ती जराशी मागे रेलून, अजिबात घाई न करता गाते. पंधरा-सोळाच्या वयात हे कुणी शिकवलेलं नसतं.

आता थोडं उलट बाजूनं. ती थोर गायिका होती असं मी म्हणत नाही, अल्बमही सगळा सारखा नाही. झोहेबची काही गाणी मी तेव्हाही पुढे ढकलायची, आजही ढकलते. शीर्षकगीत २०१२ साली 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये नव्यानं आलं आणि आता प्रत्येक हळदीला वाजतं, त्यामुळे त्याचा चोथा झालाय. सुरुवात 'आओ ना'पासून करा. आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत मी वर 'करू द्या' म्हटलं ते शाळा सांभाळून, हे लिहायचं राहिलं. नाझियानं गाता गाता लंडनला कायद्याची पदवी घेतली, संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. १३ ऑगस्ट २००० ला फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेली तेव्हा अवघी पस्तीस वर्षांची होती. शास्त्रीय गाणंही शिकू द्या, बिघडत नाही, पण "आधी दहा वर्षं रियाझ, मग माइक" हे तिला ऐकवू नका. मला ऐकवलं गेलं. दहा वर्षं झाली तेव्हा माझं लग्न झालं होतं आणि माइक हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात मिळाला.

'लेकिन मेरा दिल' पुढे कसं जातं हे मला पुन्हा कळलं ते मोबाईल आल्यावर. पूर्ण ऐकलं. तुटायची जागा आली की अजून पेटीची वाट बघते मी.

अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. दर १३ ऑगस्टला मी घरच्या ग्रुपवर तिचं एक गाणं टाकते आणि दादा खाली लिहितो, "फटीत गातेय." ती कॅसेट त्याच्याकडे आहे, सेलोटेप पिवळी पडलेली. दोनदा मागितली. देत नाही. म्हणतो, त्यात अण्णांनी भरलेलं नाट्यसंगीत आहे.