बाळ झालं, पण जीव लागत नाही

‘सगळे पेढे मागतात आणि मला आतून काहीच वाटत नाही. मी बाप म्हणून नालायक आहे का?’ नव्यानं वडील झालेले पुरुष हे मला वरचेवर विचारतात. जळगावातल्या एका भाऊंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चटईच्या कारखान्यात रात्रपाळी. पहिलं बाळंतपण म्हणून बायको माहेरी, शिरपूरकडे. सव्वा महिन्यानं ती लेकीला घेऊन आली आणि यांची चिडचिड सुरू झाली. पाळी सुटली तरी तास-दीड तास टपरीवर बसून राहायचे. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं, असं बायकोनं धरलं. त्यांनीही ते कधी खोडलं नाही.

समुपदेशनाच्या पहिल्या दोन भेटी झोप आणि कर्जाच्या हप्त्यांवर गेल्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी तळहात माझ्यापुढे धरले. गरम प्लास्टिकचे जुने चटके, भेगा. “ताई, माले पोरले उचलानी भीती वाटस.”

बाळंतपणानंतरचं नैराश्य बापालाही येतं. 2010 च्या एका मोठ्या आढाव्यात दहातल्या साधारण एका बापात ते दिसलं, बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना जास्त. पुरुष रडत नाही. चिडतो, बाहेर राहतो. मरणाचे विचार येतात का, हे मी स्पष्ट विचारलं. नव्हते. असते तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं असतं. तुमच्या घरात असं असेल तर 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, रात्रीही चालतो.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर 15 दिवसांची रजा मिळते. खासगी कारखान्यातल्या कामगारासाठी तसा कायदाच नाही. हे भाऊ तिसऱ्या दिवशी मशीनवर उभे होते. आधी बापाला बाळाजवळ फिरकू द्यायचं नाही आणि मग याला माया नाही म्हणायचं, याचा मला मनापासून राग येतो.

त्यांच्या परवानगीनं मी सुपरवायझरना पत्र दिलं. महिनाभर दिवसपाळी मिळाली. एका पानाचं काम होतं ते. संध्याकाळची मालिश भाऊंकडे आली. आधी स्वतःच्या हातांना खोबरेल, मग लेकीला. आजी शेजारी बसायची, हात लावायची नाही.

पाचव्या भेटीत हप्त्यांचा विषय निघालाच नाही. “डाव्या पायाला तेल लावलं की झाडते,” ते म्हणाले, “उजव्याला गप्प राहते.”