पहिला दिवस बोल्झानोला दे

प्रिय,

तुझा बेत वाचला. सकाळी उत्तर इटलीतल्या बोल्झानोला उतरायचं, बॅगा टाकायच्या आणि दुपारच्या बसने डोलोमाइट्सचे डोंगर गाठायचे. डोंगरांची ओढ मला कळते, तरी पहिला दिवस शहराला दे, हे माझं आग्रहाचं सांगणं.

पहिलं महायुद्ध संपेपर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा. १९१९च्या तहाने तो इटलीकडे गेला. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. १९३९मध्ये तर त्याने आणि हिटलरने मिळून इथल्या जर्मन भाषकांना पेचात टाकलं: भाषा हवी तर घरदार सोडून जर्मनीत जा, राहायचं तर इटालियन होऊन राहा. भाऊ भावाला दुरावला, अशी ती निवड होती.

हे मनात ठेवून न्यायालयाच्या चौकात जा. समोरच्या सरकारी इमारतीवर घोड्यावर बसलेल्या मुसोलिनीचं अवाढव्य दगडी शिल्प आहे. ते फोडलं नाही, झाकलंही नाही. २०१७मध्ये त्यावर जर्मन-ज्यू विचारवंत हाना आरेंटचं वाक्य उजेडाच्या अक्षरांत बसवलं: ‘आज्ञा पाळण्याचा हक्क कोणालाही नाही.’ जर्मन, इटालियन आणि इथल्या डोंगरदऱ्यांतली लादिन, तिन्ही भाषांत. अंधार पडल्यावर जा आणि घाई करू नकोस. नको असलेल्या इतिहासाला इतकं सडेतोड उत्तर फार थोड्या शहरांनी दिलंय.

आजचा सलोखा आपोआप आलेला नाही. साठच्या दशकात इथे बाँबस्फोट झाले. १९७२मध्ये या प्रांताला मिळालेल्या स्वायत्ततेनंतर हळूहळू घडी बसली, पण शाळा अजून भाषेनुसार वेगळ्या आहेत. म्हणून कुणालाही ‘तुम्ही नक्की कोण, जर्मन की इटालियन?’ असं विचारू नकोस. शहरात बहुतेक जण इटालियन बोलतात, आसपासच्या खेड्यांत जर्मन. समोरचा ‘बोनजोर्नो’ म्हणतो की ‘ग्रुस गॉट’, ते ऐक आणि तसंच उत्तर दे.

मग खुशाल डोलोमाइट्समधल्या व्हाल गार्देना या खोऱ्यात जा. तिथे पाट्यांवर तिसरी भाषा दिसेल, लादिन. तिथल्या ऑर्टिसेई गावात लाकूड कोरणाऱ्यांची दुकानं आहेत, तिथे रेंगाळ. शाकाहारी असशील तर जपून: पावाच्या गोळ्यांत, म्हणजे क्नोडलमध्ये, बहुधा स्पेक असतं, ते डुकराचं मांस. पालकाचे किंवा चीजचे मागून घे. परतीच्या दिवशी वेळ उरला तर बोल्झानोच्या पुरातत्त्व संग्रहालयात ओट्झीला भेट. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या या माणसाचं बर्फात टिकलेलं शव १९९१मध्ये हिमनदीत सापडलं.

बसची वेळापत्रकं ऋतूनुसार बदलतात, तेवढी निघण्याआधी पाहून ठेव.

तुझा,
काका