आधी विहिरीत दोरी सोडा

प्रश्न : मिस्त्री, आमची घाटंजी तालुक्यात सरकीची तेलगिरणी आहे. थंड पाण्यासाठी विहिरीवर साडेसात अश्वशक्तीचा सेंट्रिफ्युगल पंप बसवला आहे. एप्रिलपासून तो गिट्टी भरडल्यासारखा वाजतो. महिन्यात दोनदा बेअरिंग बदललं, आठ दिवसांत पुन्हा तेच. पाणीही कमी पडतं. पंपच बदलावा का?

उत्तर : भाऊ, पंपावर पैसे घालू नका. 'एप्रिलपासून' हा शब्द तुम्हीच लिहिला, निम्मं उत्तर त्यात आहे: उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं.

पंप चालू ठेवून डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाचा, व्हॉल्व्ह हळूहळू दाबा, थोडा थोडा बंद करत न्या. गिट्टीचा आवाज विरत गेला तर दुखणं सक्शनचं, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूचं. बेअरिंग गेलेलं असेल तर ते व्हॉल्व्ह दाबूनही घरघरतच राहील.

मग विहिरीत दोरी सोडा. पंपाच्या शाफ्टपासून पाण्यापर्यंत किती, ते पंप चालू असतानाच मोजा, कारण उपसा सुरू झाला की पाणी आणखी उतरतं. विहिरीतल्या पाण्यावर हवेचा भार असतो, तोच पाणी पाइपातून वर चढवतो. आपल्याकडे तो सुमारे 10 मीटर पाण्याइतका. समजा पाणी साडेसात मीटर खाली आहे. पाइप, बेंड आणि फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची जाळीची झडप) यांच्या घर्षणात एक मीटर गेला, कोमट पाण्याच्या वाफेपोटी अर्धा मीटर धरा. उरला एक मीटर. अशा पंपाला इंपेलरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या, तोंडाशी दोन-तीन मीटर तरी लागतात. तेवढा दाब नसला की पाणी तिथे न तापताच उकळतं, बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढताच पात्याला लागून फटाफट मिटतात. तुमची गिट्टी ती हीच. त्या हादऱ्याने बेअरिंग आणि ग्लँड (शाफ्टभोवतीची गळती अडवणारा भाग) दोन्ही जातात.

शिकाऊ असताना एका सूतगिरणीत मी अशीच तीन बेअरिंगं घालवली. शेवटी उस्तादांनी केसिंग, म्हणजे पंपाचं कवच, उघडायला लावलं. पितळी इंपेलरच्या पात्यांवर तोंडाशी बोट फिरवलं, तर वाळवीने खाल्ल्यासारखे खड्डे, एके ठिकाणी आरपार भोक. गिरणीचे पैसे माझ्या हातून वाया गेले, ते अजून टोचतं. तुमचंही केसिंग उघडून पाहा.

फूटव्हॉल्व्हची जाळी काढून शेवाळ, कचरा साफ करा. जाळीवर दोन फूट तरी पाणी हवं, नाहीतर भोवऱ्यातून हवा शिरते. सक्शनच्या प्रत्येक जोडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर तिथला गॅस्केट बदला. सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा एक साइज मोठा असावा, बारीक असेल तर बदलाच.

एवढं करूनही पाणी खोल असेल तर विहिरीत गर्डर टाकून पंप तीन मीटर खाली घ्या. ते काम होईपर्यंत डिलिव्हरी थोडी दाबूनच चालवा, पाणी कमी मिळेल पण इंपेलर वाचेल. आणि मृगाच्या आधी पंप-मोटर वर काढायला माणूस आत्ताच सांगून ठेवा. एका रात्रीच्या पावसात विहीर भरते आणि मोटर पाण्याखाली जाते.