घरी ऑल-ग्रेन अमेरिकन व्हीट बिअर करायची आहे. निम्मा गहू घातला तर मॅश अडकेल का? आणि यीस्ट कोणतं घेऊ?

तुम्ही ह्यूस्टनला आहात आणि ऑल-ग्रेन, म्हणजे तयार अर्काऐवजी थेट धान्यापासून, पहिल्यांदाच करताय, असं लिहिलंय. निम्मा गहू बेधडक घ्या. या बिअरची खरी मजा गव्हाच्या त्या पावासारख्या चवीत आहे. १९ लिटरला सव्वादोन किलो व्हीट माल्ट (मोड आणून वाळवलेला गहू) आणि तेवढंच टू-रो (बार्लीचा साधा माल्ट), म्हणजे सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता, यावरून साखर कळते) १.०५०च्या आसपास येते.

मॅश म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला भरडलेला माल्ट. तो अडकतो, म्हणजे त्यातून रस खाली उतरत नाही, त्याचं कारण टरफल. बार्लीचं टरफल दाण्याला चिकटून राहतं आणि मॅशमध्ये तेच गाळणीचं काम करतं. गव्हाचं टरफल मळणीतच निघून जातं, वर प्रथिनं जास्त, त्यामुळे थर चिकट होऊन दबतो. त्यावर उपाय भाताचं तूस. होमब्रूच्या दुकानात ते ‘राइस हल्स’ नावाने मिळतं. पाव किलो पुरे होतं, चवीला काही लागत नाही. आधी गरम पाण्यात भिजवून निथळून घ्या, नाहीतर मॅशमधलं पाणी तेच पिऊन टाकतं. गव्हाचा दाणा लहान आणि टणक असतो, म्हणून तो गिरणीचं अंतर कमी करून वेगळा भरडायचा.

मॅश ६७ अंश सेल्सियसवर तासभर. साडेतेरा लिटर पाणी साधारण ७४ अंशांचं घातलं की तिथे पोचता. मग मॅशच्या भांड्याचा नळ अगदी थोडा उघडा, सुरुवातीचं गढूळ वर्ट (माल्टचा गोड रस) हलक्या हाताने परत वर ओता, आणि उतरायला पाऊण तास लागला तरी लागू द्या. नळ पूर्ण उघडला की थर खाली ओढला जातो आणि तिथेच सगळं बसतं. अडकलंच तर नळ बंद करून थर नीट ढवळा, मूठभर तूस घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. बॅच वाया जात नाही.

हॉप्स (कडवटपणा आणणारी फुलं) थोडेच: वर्टच्या तासभराच्या उकळीला २८ ग्रॅम कॅस्केड जातीचे, शेवटी हवं तर अजून तेवढंच.

यीस्ट मात्र हेफेवायझनचं, म्हणजे जर्मन गव्हाच्या बिअरचं, नको. केळं आणि लवंगेचा वास त्याच यीस्टमुळे येतो, आणि तो आला की ती वेगळीच बिअर झाली. पोर्टलंडच्या विडमर ब्रदर्सनी १९८६ साली न गाळलेली गव्हाची बिअर काढली तीही अशीच, केळ्याचा वास नसलेली. यूएस-०५ हे स्वतःचा फारसा वास न देणारं यीस्ट घ्या आणि १८ अंशांच्या आसपास ठेवा. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात खरी अडचण इथेच आहे. फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, निदान पहिले चार दिवस तरी.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. अमेरिकेत घरच्यापुरती करता येते, विकता येत नाही.

सलग दोन-तीन दिवस ग्रॅव्हिटी हलली नाही की १३० ग्रॅम कॉर्न शुगर घालून बाटल्या भरा आणि दोन आठवडे घरातच ठेवा. ही बिअर मुरवायची नसते, दोन महिन्यांच्या आत संपवा.