गाठ तेवढीच, पण भूक कमी

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आहे. केमोथेरपीच्या दोन सायकलींनंतर केलेल्या पेट-सीटी स्कॅनमध्ये छातीतली गाठ अजून दिसते, तरी अहवालात ‘डोव्हिल स्कोअर २’ पाहून डॉक्टर समाधानी आहेत. शरीराला छेद न देता पेशींच्या आतले कसे कळते? आणि ते कळत असेल, तर आधी बायोप्सी कशासाठी केली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सीटी स्कॅन गाठीचा आकार दाखवतो, तर पेट स्कॅन त्या गाठीतल्या पेशी किती साखर खातात हे दाखवतो. कर्करोगाच्या अनेक पेशी ऑक्सिजन मिळत असतानाही ग्लुकोज वारेमाप वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवून दिले होते. आपल्या भावाला टोचलेले एफडीजी हे ग्लुकोजचेच बदललेले रूप असून त्याच्या दुसऱ्या कार्बनवर किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेले असते. पेशी ते साखर समजून आत घेते, त्याला फॉस्फेटही जोडते; मात्र त्या एका बदलामुळे साखर जाळण्याची पुढची पायरी घडत नाही आणि रेणू पेशीतच अडकून राहतो. तिथून निघणारे गॅमा किरण यंत्र टिपते. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असल्याने ते सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात ताजेच तयार करावे लागते. भारतात ही सोय २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली.

इंजेक्शननंतर भावाला तासभर पांघरूण देऊन गप्प पडून राहायला सांगितले असेल. ती शिस्तीची हौस नव्हे. बोलले की स्वरयंत्राचे स्नायू साखर ओढतात, आणि थंडी वाजली की मानेतली तपकिरी चरबी ऊब निर्माण करण्यासाठी साखर जाळू लागते व नेमक्या लसिका ग्रंथींच्या जागीच फसवा उजेड दिसतो.

हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कर्कपेशी अगदी थोड्या असतात. बाकीचा भाग दाहपेशींचा आणि तंतुमय ऊतींचा असतो. औषधाने कर्कपेशी मेल्या, तरी तंतूंचा गोळा महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो. म्हणून डोव्हिल या १ ते ५ गुणांच्या मोजपट्टीवर गाठीतील एफडीजीची तुलना छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधील रक्ताशी आणि यकृताशी करतात. स्कोअर २ म्हणजे गाठीतले प्रमाण त्या रक्तातल्यापेक्षा अधिक नाही. रोगाची वागणूक आठवड्यांगणिक आणि सर्व शरीरभर अशी पाहता येणे बायोप्सीच्या सुईला शक्य नाही, कारण ती एका जागचा, एका दिवसाचा तुकडा आणते.

तरीही बायोप्सीला पर्याय नाही. एफडीजीला भुकेलेली पेशी ओळखता येते, कर्करोग ओळखता येत नाही. आपल्याकडे क्षयाच्या ग्रंथीही तितक्याच उजळतात आणि अनुभवी डोळेही चकतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाला तर बहुधा साखरेची फारशी ओढ नसते, त्यामुळे तिथे पेशींवरील पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारे वेगळे द्रव्य वापरतात.

पुढच्या स्कॅनला जुन्या स्कॅनची सीडी न्यावी आणि शक्य असल्यास तो त्याच यंत्रावर करावा. मात्र या टप्प्यावरचा स्कोअर २ म्हणजे उपचार सोडण्याची मुभा नव्हे. एखाद्या मिलिमीटरभर उरलेल्या रोगाला हे यंत्र पाहू शकत नाही, म्हणून ठरलेल्या सायकली डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पूर्ण कराव्यात.