व्हिडिओचं सॉफ्टवेअर पहिल्यांदाच बिल्ड करताय, म्हणजे सोर्स कोडमधून स्वतः तयार करताय?

सुरुवात व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने करू नका, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या गोळा करतानाच दम निघतो. एफएफएमपेग घ्या, व्हिडिओ-ऑडिओ रूपांतर करणारं कमांड-लाइन सॉफ्टवेअर. उबंटू लिनक्सवर जीसीसी (कंपायलर), मेक (बिल्ड चालवणारं टूल), पीकेजी-कॉन्फिग (लायब्रऱ्या शोधणारं टूल) आणि नॅझम (असेंब्लर) एवढं टाकलं की कॉन्फिगर, म्हणजे बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट, चालवता येतं. नॅझम नसेल तर कॉन्फिगर थांबतं आणि असेंब्ली (प्रोसेसरच्या भाषेतला कोड) बंद करायचा पर्याय सुचवतं. तो अजिबात घेऊ नका. बिल्ड होईल, पण हाताने लिहिलेला वेगवान कोड बाहेर राहील आणि डीकोडिंग रखडेल.

बहुतेक जण अडकतात ते एक्स२६४ या एच.२६४ व्हिडिओ एन्कोड करणाऱ्या लायब्ररीपाशी. लायब्ररी मशीनवर असते, तरी कॉन्फिगर म्हणतं सापडली नाही! कारण त्याला हेडर फाइली (लायब्ररी कशी वापरायची ते कंपायलरला सांगणाऱ्या) हव्या असतात आणि त्या ‘डेव्ह’ शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात येतात. ते टाका. शिवाय कॉन्फिगरमध्ये जीपीएल या मुक्त परवान्याचा पर्यायही चालू करा, त्याशिवाय एक्स२६४ जोडताच येत नाही. तरीही गाडी अडली तर एफएफबिल्ड फोल्डरातली कॉन्फिग लॉग फाइल उघडा आणि शेवटाकडून वर वाचत जा. स्क्रीनवरच्या एका ओळीपेक्षा तिथे कितीतरी जास्त कळतं.

सगळं नीट झालं, पण एफएफप्ले (एफएफएमपेगसोबतचा छोटा प्लेअर) बनलंच नाही? मग एसडीएल२ या चित्र-आवाज दाखवणाऱ्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज राहिलं असणार.

प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, होम फोल्डरातलाच द्या, म्हणजे डिस्ट्रोच्या (उबंटूच्या स्वतःच्या) लायब्रऱ्यांशी गल्लत होत नाही आणि नको झालं तर फोल्डर उडवला की काम संपलं. आणि नॉनफ्री (जीपीएलशी न जुळणाऱ्या परवान्याच्या लायब्रऱ्या जोडणारा) पर्याय लावून केलेली बिल्ड मित्रांना वाटू नका, परवान्यात ते बसत नाही.