पोरं व्हिडिओ लावतात आणि मोबाइल खिशात टाकतात

या वेळच्या टपालात ऑनलाइन प्रशिक्षणाची पत्रं गठ्ठ्यानं आली, आणि बहुतेक सांगली-सातारा पट्ट्यातली. सूर साधारण एकच: शिकणारी मुलं अठरा ते पंचवीसची, साहित्यावर खर्च केलेला, तरी कुणी मनापासून बघत नाही. त्यांतल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं मशिनशॉप आहे. आयटीआय होऊन येणाऱ्या मुलांसाठी मोजमापाच्या साधनांवर ४७ मिनिटांचा व्हिडिओ करून घेतला. मुलं तो सुरू करतात, मोबाइल खिशात टाकतात आणि संपल्यावर 'पूर्ण' अशी नोंद पडते. त्याचे दहा तुकडे केले तर भागेल का?
– प्रशिक्षण अधिकारी, कुपवाड

उत्तर : नाही भागणार. एका लांब कंटाळ्याचे दहा छोटे कंटाळे होतील. लांबीचा मुद्दा खोटा नाही. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांत लोकांनी व्हिडिओ कसे पाहिले, याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासणारा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही मोठा असो, साधारण प्रेक्षक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हता, असं त्यात दिसलं. पण ते काही फक्त विशीतले नव्हते. आपण वैतागून बसून राहतो, ही मुलं उठून जातात, एवढाच काय तो फरक.

खरी अडचण मांडणीत आहे. असे व्हिडिओ बहुधा पुस्तकाच्या क्रमाने केलेले असतात: साधनाची ओळख, प्रकार, भाग, उपयोग, काळजी. शॉपमध्ये मात्र मुलापुढे प्रश्न एकच असतो, हातातल्या जॉबचं (घडवायच्या तुकड्याचं) माप किती? तेव्हा एका पाठात एकच काम घ्या आणि सुरुवात त्या प्रश्नानेच करा.

व्हर्निअरचा, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीच्या साधनाचा, पाठ घेऊ. पहिल्या दहा सेकंदांत लोगो नको, संचालकांचं मनोगत नको. जवळून घेतलेला एक फोटो आणि खाली 'हे माप किती?' मुख्य पट्टीवर व्हर्निअरच्या शून्याने २४ मिमीची रेघ ओलांडलेली, व्हर्निअरची १७वी रेघ जुळलेली, लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी. पर्याय चार: २४.३४, २४.१७, २५.३४ आणि २४.३६. चुकीचे तिन्ही पर्याय मनाने ठोकलेले नकोत, शॉपमध्ये रोज होणाऱ्या चुकांतून आलेले हवेत. २४.१७ म्हणणारा ०.०२ ने गुणायला विसरला. २५.३४ म्हणणाऱ्याने शून्याच्या पुढची रेघ धरली. २४.३६ वाल्याने पट्टी तिरकी धरून शेजारची रेघ वाचली. प्रत्येकाला त्याच्या चुकीचं पंधरा-वीस सेकंदांचं वेगळं उत्तर मिळालं पाहिजे. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' या वाक्याने कुणी काही शिकत नाही.

मग तीन मिनिटांचं प्रात्यक्षिक, आणि त्यानंतर आणखी दोन फोटो. दुसऱ्या फोटोत मेख ठेवा: जबडे मिटल्यावरही हे व्हर्निअर ०.०४ दाखवतं, म्हणजे २४.३४ वाचलं तरी खरं माप २४.३०. शेवटचं काम मोबाइलबाहेरचं. नेमून दिलेली पिन मोजायची, आकडा लिहायचा, फोरमनने तपासायचा. 'पूर्ण'ची नोंद तिथे पडू द्या, व्हिडिओ संपला तिथे नको.

व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारायची सोय एचफाइव्हपी या मोफत साधनात आहे आणि ते मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत चालतं. मिनिट-दीड मिनिटाला एक थांबा ठेवला की मोबाइल खिशात राहत नाही. पुढे सरकवायची पट्टी मात्र कुलूपबंद करू नका. ज्याला आधीच येतं त्याला थेट चाचणीवर जाऊ द्या. येणारी गोष्ट बळजबरीने पाहायला लावली की पुढच्या पाठावरचं लक्षही उडतं.

चित्रीकरण कामगाराच्या खांद्यावरून करा. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटतं आणि मुलगा हात फिरवायला चुकतो. चकाकणाऱ्या पट्टीवर रेघा दिसत नसतील तर दिवा बाजूला घेऊन त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर लावा. आवाज शॉपमध्ये टिपू नका. नंतर छोट्या खोलीत भिंतींना दोन वाकळा टांगून, माइक हनुवटीखाली वीतभर ठेवून बोला. आणि बोललेलं सगळं पडद्यावर छापू नका. कान आणि डोळे एकाच वाक्यावर झटायला लागले की व्हर्निअरकडे बघायला कुणी उरत नाही. आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी उपशीर्षकं द्या, पण हवी तेव्हा लावता येतील अशी.

प्रश्न : पाठानंतरच्या चाचणीत मुलं शंभरपैकी नव्वद मिळवतात. पुढच्या आठवड्यात तेच विचारलं तर कोरी पाटी. चाचणी अवघड करावी का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : अवघड नको, उशिरा आणि पुन्हा घ्या. पाठ संपताक्षणी घेतलेली चाचणी ताजी आठवण मोजते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला प्रयोग इथे लागू पडतो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चारदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

म्हणून पाठाच्या दिवशी पाच प्रश्न, दुसऱ्या दिवशी दोन, आठवड्याने तीन, महिन्याने तीन. व्हॉट्सॲपवर पाठवले तरी चालतील, उत्तराला दोन मिनिटांहून जास्त लागू नयेत. आठवड्याच्या प्रश्नांत मागच्या पाठातला एक जरूर मिसळा. गुण सुरुवातीला घसरतील. मुलं कुरकुरतील आणि मुख्याध्यापकही विचारतील. नव्वदचा आकडा आधी फुगलेला होता, हे त्यांना तेव्हाच सांगून टाका.

प्रश्न : बेदाणा करणाऱ्या तरुण शेतकऱ्यांसाठी व्हिडिओ करतो. शेडवर रेंज नसते, व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. उपाय?
– गट संयोजक, तासगाव

उत्तर : आधी वजन उतरवा. मोबाइलने १०८०पीत घेतलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ सहज दोन-तीनशे एमबी होतो. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये ४८०पी, एच.२६४ (व्हिडिओ दाबायचा प्रकार), चित्राला ५०० केबीपीएस (दर सेकंदाचा डेटा) आणि आवाज मोनो ६४ केबीपीएस ठेवला तर तोच १३ एमबीच्या आत बसतो. नवा एचईव्हीसी प्रकार फाइल आणखी लहान करतो, पण जुन्या हँडसेटवर अडखळतो. एवढ्या कमी केबीपीएसला एक गोष्ट नडते: मागे वाऱ्यावर हलणारी पानं असली की चित्राचे चौकोन पडतात. हातामागे एखादं गोणपाट धरा, हातातलं काम स्वच्छ दिसेल. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथे ती पुन्हा दाबली जाते.

दुसरं, प्रमाण व्हिडिओत ठेवू नका. डिपिंगचं, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं, द्रावण करताना पोराला '१०० लिटर पाण्याला पोटॅशियम कार्बोनेट अडीच किलो, डिपिंग ऑइल दीड लिटर' एवढंच बघायचं असतं. त्यासाठी तो ओल्या हाताने तीन मिनिटांचा व्हिडिओ मागेपुढे करत बसणार नाही. मोठ्या अक्षरांतलं एक चित्र करा, २०० केबीच्या आतलं, ते गॅलरीत राहील. व्हिडिओत ते दाखवा जे शब्दांत सांगता येत नाही: घड द्रावणात बुडवून किती हलवायचे, रॅकवर किती पातळ पसरायचे, तयार बेदाणा बोटांत दाबल्यावर कसा लागतो. केवळ आवाजाची फाइल तीन मिनिटांना दीड एमबीही होत नाही. हात कामात असताना तिचा उपयोग होतो.

प्रश्न : निवेदनात 'भावा', 'लय भारी' असं बोललं तर मुलांना जवळचं वाटेल का?
– वाचक, कराड

उत्तर : तुम्ही एरवी तसं बोलत असाल तर खुशाल. नसाल तर पहिल्या वाक्याला पकडले जाल, आणि मग पोरं पाठ सोडून तुमची नक्कल करतील. जवळचं वाटतं ते कामाच्या शब्दांनी. 'कार्यखंड' म्हणू नका, जॉब म्हणा. मीम वगैरे सहा महिन्यांत शिळं होतं. पाठ तीन वर्षं वापरायचा असेल तर तो मोह टाळाच.

प्रश्न : साठ मुलांच्या बॅचला गुणांची क्रमवारी आणि बिल्ले ठेवले. पहिल्या आठवड्यात धमाल आली, तिसऱ्या आठवड्यात दहाच मुलं उरली.
– क्लासचालक, विटा

उत्तर : साठाव्या क्रमांकावरच्या मुलाने रोज उठून तो आकडा कशासाठी बघावा? जाहीर क्रमवारी वरच्या दहांना चढ देते आणि उरलेल्यांना रस्ता दाखवते. ती काढा. ज्याला त्याला त्याचीच मागची खेप दाखवा: 'गेल्या वेळी दहात चार, आज सात.' चुरस हवीच असेल तर पाच-पाच जणांचे गट करा, दर पंधरवड्याला गट बदला आणि गटाची सरासरी लावा. बिल्ल्याने खरोखर एखादं दार उघडत असेल तरच तो द्या. 'हे तीन बिल्ले मिळवले की लेथवर एकट्याने काम' असं असेल तर मुलं तो मिळवतात. नुसत्या सोनेरी चांदणीला विशीतला मुलगा हसतो.

तुमच्याकडे दहावीची मुलं असतील तर आणखी एक. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्याला बालक धरलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. जन्मतारीख, आधार वगैरे गोळाच करू नका. हजेरी क्रमांकावर काम भागतं.

प्रश्न : जुन्या नोट्स श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये आहेत. मूडलमध्ये चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फोटो काढून टाकावेत का?
– ग्रंथपाल, वाई

उत्तर : फोटो नकोत, मोबाइलवर अक्षर बारीक होतं आणि शोधता येत नाही. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट नसलेल्या फोनला मूळ इंग्रजी अक्षरंच दिसतात. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (सगळ्या फोनना कळणाऱ्या अक्षरसंचात) आणा, 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फाँट वापरा, अक्षर किमान १६ पिक्सेल आणि ओळीची उंची दीडपट ठेवा, म्हणजे वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकणार नाहीत. बदलताना सगळ्यात जास्त घोळ ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांत होतो, कारण जुन्या फाँटमध्ये ती दिसतात त्या क्रमाने टाइप केलेली असतात. 'र्ध', 'र्म', 'ऱ्या', 'श्र' आणि सगळे आकडे एकाने मोठ्याने वाचावेत, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून तपासावेत. एकट्याने तपासलं तर डोळा चुकीचं अक्षरही बरोबरच वाचतो.